तू म्हणजे आपलं तू

गिरगावात एक बाई फ्रेंच शिकवते म्हटल्यावर लोक दोन गोष्टी धरून चालत. एक, बाई ख्रिस्ती असणार. दोन, बाई अंडं खात असणार. पहिली गोष्ट खोटी होती. दुसरीबद्दल मी कधी काही बोलले नाही, कारण फणसवाडीतल्या भिंती पातळ होत्या.

मी फ्रेंचकडे वळले त्यात प्रेमाचा भाग नव्हता. शाळेत दुसरी भाषा म्हणून संस्कृत किंवा फ्रेंच घ्यायची होती. वडील म्हणाले, "संस्कृतात शास्त्रीबुवा गुण कापतात, फ्रेंचमध्ये पडतात." पडले. पडत पडत एम.ए.पर्यंत गेले, आणि मग लक्षात आलं की या विषयाचं शिकवण्यापलीकडे काही करता येत नाही. पहिल्या मजल्यावर दोन खोल्या घेतल्या. मध्ये फळ्यांचं पार्टिशन, चार बाकं, एक फळा. तिथे वीस वर्षं क्लास चालवला.

गिरगावात फ्रेंच कुणाला लागतं, असं मला लग्नामुंजीत नेहमी विचारत. बोटीच्या कंपन्यांतले कारकून यायचे. हिंदमाताजवळच्या एका साडीदुकानाचे मालक आठ दिवस आले होते. त्यांना दुकानाच्या पाटीवर 'पॅरिस' हा शब्द फ्रेंच पद्धतीनं लिहून हवा होता. शेवटचा 'स' फ्रेंच लोक लिहितात पण म्हणत नाहीत, असं सांगितल्यावर ते दोन दिवस अस्वस्थ होते. "मग तो लिहू का नको ते एकदा सांगा ना बाई," एवढंच विचारायला ते शेवटचे दोन दिवस आले.

आणि दामलेकाका. शिवाजी पार्कला राहणारे निवृत्त इंजिनियर. आयुष्यभर पूल बांधले, आता डोकं गंजू नये म्हणून फ्रेंच. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला धरलं.

"मराठीत टेबल कोण? ते. तुमच्या फ्रेंचमध्ये?"

"ती."

"ती! टेबल बाई झालं. नपुंसकलिंग कुठे गेलं?"

"त्यांच्यात नाही, काका."

"लॅटिनमध्ये होतं ना? मग मधल्या मधे गेलं कुठे? तीन खांबांवरचा पूल, एक खांब नाहीसा, आणि तुम्ही म्हणता चाला वरून!"

पण क्लास चालायचा तो अशा हौशी लोकांवर नाही. चालायचा तो प्रावीण्य परीक्षेवर. ती जरा समजावून सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. कॉलेजात त्या काळी दुसरी भाषा सक्तीची. ज्यानं शाळेत ती घेतली नाही त्याची पंचाईत. आमच्या जवळच्या एका कॉलेजानं अशांसाठी एक वाट ठेवली होती: एखाद्या परदेशी भाषेची प्रावीण्य परीक्षा बाहेरच्या मान्य संस्थेकडून द्या, ठरलेल्या तारखेआधी दाखला आणा, ते गुण आम्ही दुसऱ्या भाषेचे म्हणून धरू. नाही आणला तर प्रवेश रद्द. त्या परीक्षेचं गिरगावातलं केंद्र माझा क्लास. लेखी आधी व्हायची, तोंडी नंतर. तोंडीला संस्थेची परीक्षक येऊन पार्टिशनच्या आतल्या खोलीत बसायची आणि एकेकाला बोलवायची. मी बाहेरच्या खोलीत नावं पुकारायला. तोंडी चालू असताना शिकवणाऱ्यानं आत पाऊल टाकलं किंवा आवाज दिला, तर त्या उमेदवाराची परीक्षा रद्द. फळ्यांमधून शब्द न् शब्द ऐकू यायचा आणि काही करता यायचं नाही. माझ्या हाताची नखं त्या वीस वर्षांत कधी वाढली नाहीत.

कुसुम परब माझ्याकडे आली ती संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीच्या दिवसांत. वय अठरा, राहणार लालबाग. वडील मिलमध्ये साचे चालवायचे, आई घरातच गावच्या वीस-बावीस गिरणीवाल्यांची खानावळ चालवायची. मुलगी परळच्या ज्या शाळेतून मॅट्रिक झाली तिथे मुलींना संस्कृताऐवजी शिवण होतं. तिनं शिवण घेतलं, उत्तम गुण मिळवले, कॉलेजात तात्पुरता प्रवेश मिळवला, आणि मग तिला कळलं की शिवण ही भाषा नाही.

मी म्हटलं, "अगं, संस्कृतच का नाही करत? निदान कानावरून तरी गेलेलं असेल."

ती म्हणाली, "बाई, संस्कृतात सगळे माझ्यापुढे चार वर्षं आहेत. फ्रेंचमध्ये सगळेच माझ्याएवढे मागे."

हा हिशेब मला पटला.

आई सोबत आली होती. पदराला हात पुसत उभी. बसायला सांगितलं तर बसली नाही, थेट विचारलं, "बाई गे, माझ्या चेडवाक पास करशीत मां तू?"

मी तेव्हा तिशीची होते, एम.ए. होते, आणि एका अनोळखी बाईनं मला तू म्हटलं होतं. मला ते खटकलं. मी कोरडेपणानं म्हटलं, "अभ्यास केला तर होईल."

"अभ्यास करतली. तिका दुसरा काय आसा?" मग आवाज खाली आणून, "नायकिणीन वाइंडिंगात तिची जागा धरून ठेवल्यान हा. ह्या वर्षी कालेज नाय जमला तर तिका मिलात घालतलंय. तिचो बापूस नको म्हणता, पण माका बाकीची तीन आसत."

म्हणजे काय ते स्पष्ट होतं. मिलच्या वाइंडिंग खात्यात बायका कामाला असत, नायकीण त्यांच्यावरची. तिनं एकदा जागा धरली म्हणजे ती कायम रिकामी राहणार नव्हती. दाखल्याची तारीख आणि नायकिणीची तारीख मागेपुढेच होत्या. कुसुम दोन्हींच्या मध्ये उभी.

पहिल्या दिवशी मी नेहमीप्रमाणे अनुनासिक स्वर घेतले. फ्रेंचमध्ये त्यांच्यावाचून पान हलत नाही, आणि आमची गिरगाव-दादरची मुलं तिथेच अडतात. अनुस्वार दिसला की सरळ 'न' म्हणतात. नाकातून स्वर काढा म्हटलं की हसतात, नाहीतर शिंकरतात. कुसुमनं पहिल्या फटक्यात 'पँ' म्हटलं, म्हणजे पाव, आणि 'व्हँ' म्हटलं, म्हणजे दारू. मी पुन्हा म्हणायला लावलं. पुन्हा तेच, स्वच्छ.

"कुठे शिकलीस?"

"शिकले नाही बाई. घरी आम्ही खंय, थंय, हंय असंच बोलतो. शाळेत त्यासाठी मार खायचे."

दामलेकाका मागच्या बाकावरून म्हणाले, "घ्या! पॅरिसचा रस्ता मालवणावरून जातो, आणि आम्ही आपले सुएझनं निघालो होतो."

मुलगी मेहनती होती. खानावळीची पहिली पंगत वाढून यायची, दुसरीच्या आत परत. वहीत डाव्या बाजूला फ्रेंच, उजव्या बाजूला देवनागरीत उच्चार. पाठ केलेलं आणि समजलेलं यातला फरक तिला कळायचा, आणि तो कळणारी मुलं शंभरात पाच. तिच्याबद्दल मला काळजी नव्हती, आणि तिथेच माझी चूक झाली. ती इथेच नोंदवून ठेवते.

फ्रेंचमध्ये समोरच्या माणसाला दोन तऱ्हांनी बोलतात: 'त्यू' आणि 'वू'. इंग्रजी माध्यमाच्या मुलांना हे समजवायला तास जातो, कारण इंग्रजीत सगळ्यांना एकच. मराठी मुलांचं सोपं. मी दर वर्षी फळ्यावर दोन शब्द लिहायची आणि म्हणायची, "त्यू म्हणजे आपलं तू, वू म्हणजे आपलं तुम्ही. झालं. पुढे." अर्ध्या मिनिटात उरकायची. कुणी कधी शंका काढली नाही. कुसुमनंही काढली नाही. तिनं वहीत लिहून घेतलं.

तोंडी शनिवारी ठरली होती. दाखल्याची शेवटची मुदत त्याच शनिवारी दुपारी चार. परीक्षकाच्या सहीची गुणपत्रिका त्या दिवशीच हातात मिळायची आणि कॉलेजला ती चालायची, म्हणून तसं ठरवलेलं. मध्ये एक दिवस तरी ठेवायला हवा होता, हे आता कळतं. पण तारखा ठरल्या तेव्हा शहर शांत होतं.

बुधवारपासून बिघडलं. मोर्चे, घोषणा, लाठीमार, अश्रुधूर. गिरणगावात सगळ्यात जास्त. गिरगावातही ठाकुरद्वाराच्या नाक्यावर टायर जळत होते आणि आमच्या जिन्यात पोरं येऊन लपायची. मी चळवळीच्या बाजूची होते, हे सांगायला नको. मुंबई महाराष्ट्राची, यात शंका घ्यायला आमच्या वाडीत कुणी नव्हतं. पण त्या आठवड्यात मी मनातल्या मनात एकच म्हणत होते, की शनिवार तेवढा जाऊ दे.

गुरुवारी कुसुम आली नाही. शुक्रवारी दुपारी तिच्या शेजारचा एक गिरणीवाला निरोप घेऊन आला: परबांना मोर्च्यात उचललं, कुठे ठेवलंय कळत नाही, कुसुम आणि तिची आई चौकीचौकीनं विचारत फिरतायत. "उद्या परीक्षेला येतेय म्हणून सांगितलंन," तो म्हणाला, आणि माझ्या उत्तरासाठी न थांबता खाली उतरला. खाली औषधांच्या दुकानात फोन होता. तिथून मी परीक्षक मादामना फोन केला. मनात हे होतं की त्यांनीच परीक्षा पुढे ढकलावी, म्हणजे कॉलेजपुढे काही सांगता येईल.

मादाम पासष्टीच्या होत्या. त्यांचे यजमान बोटींच्या धंद्यात होते, ते वारल्यावरही त्या मुंबईतच राहिल्या. गेल्या दोन महायुद्धांत त्यांनी काय काय पाहिलं होतं ते त्या कधी सांगत नसत, पण दगडफेकीला घाबरणाऱ्यातल्या नव्हत्या. फोनवर म्हणाल्या, "मी साडेनवाला येईन. तुमचे उमेदवार येतील की नाही, ते त्यांनी पाहावं."

शनिवारी त्या नऊ पंचवीसला आल्या. सहा उमेदवारांपैकी चार हजर होते. दामलेकाका दादरहून चालत आले होते, हातात छत्री, उन्हाळा असून. "दगड आला तर उघडायची," म्हणाले. एक कारकून आलाच नाही. आणि कुसुम नव्हती.

नियम असा, की नाव पुकारल्यावर दहा मिनिटांत उमेदवार आला नाही तर गैरहजर. कुसुमचं नाव यादीत दुसरं होतं. मी ते शेवटी नेऊन ठेवलं. एवढा अधिकार मला होता का, हे मी नियमात पाहिलं नाही. पाहिलं असतं तर सापडलं नसतं. दोघे गेले, आले. साडेदहा. तिसरा गेला, आला. अकराला दहा कमी. जिन्यावर पाऊल वाजलं की मी उठायची. दर वेळी दुसऱ्या मजल्यावरचं कुणीतरी असायचं.

दामलेकाकांनी घड्याळ पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि आत गेले. प्रत्येकाला वीस मिनिटं. काका पन्नास मिनिटं आत होते. मी फळ्यांना कान लावून बसले होते. नपुंसकलिंगाचा प्रश्न त्यांनी मादामना फ्रेंचमध्ये विचारला होता, मोडक्यातोडक्या, पण विचारला होता. मादाम लॅटिनवर गेल्या. काका पुलाच्या खांबावर आले. मादाम म्हणाल्या, फ्रान्समधले रोमन पूल अजून उभे आहेत. काका म्हणाले, त्यांना तीन खांब आहेत. त्यांनी हे मुद्दाम केलं की तो त्यांचा स्वभावच होता, हे मला कधीच कळलं नाही. विचारलं तेव्हा म्हणाले, "तिनं मुद्दा सोडला नाही, मी कसा सोडू?"

काका बाहेर आले तेव्हा कुसुम बाकावर बसलेली होती. लालबागहून चालत, बंद रस्ते टाळत वळसे घेत आलेली. पावलं काळी झाली होती. डोळे लाल. अश्रुधुरानं की रडून, मी विचारलं नाही. विचारण्यासारखं एकच होतं.

"वडील?"

"कळलं नाही अजून. आई तिकडेच बसलीये." मग म्हणाली, "बाई, माझी वही आणायची राहिली."

"वही लागत नाही. जा आत."

यापुढचं सगळं फ्रेंचमध्ये झालं. मी मराठीत सांगते.

सुरुवात चांगली झाली. नाव, गाव, घरी कोण. चित्र दाखवून त्यावर प्रश्न. कुसुम नीट बोलत होती, परीक्षकांना वू म्हणत होती, क्रियापदं जागच्या जागी. मी श्वास सोडला. मग आवाज थांबला. मादाम म्हणाल्या, "तुम्ही पांढऱ्या पडला आहात. बसा. पाणी घ्या." खुर्ची सरकल्याचा, तांब्यातून पाणी ओतल्याचा आवाज.

मग कुसुमचा आवाज, मघापेक्षा मोकळा. "मेर्सी, मादाम. तू फार चांगली आहेस."

त्यू.

मी जागेवर ताठ झाले. वाटलं, जीभ घसरली, सावरेल. मादामनी पुढचा प्रश्न विचारला तो थंड आवाजात. कुसुमला तो थंडपणा कळला नाही. ती उत्तराला लागली आणि उत्तरात पुन्हा त्यू. तुझ्या देशात कसं आहे, तुला मुंबई आवडते का. प्रत्येक क्रियापद त्यूला बरोबर जुळवलेलं. घसरलेली जीभ एवढं शुद्ध व्याकरण बोलत नाही. तिनं विचार करून, ठरवून वू सोडलं होतं.

"पुरे," मादाम म्हणाल्या. "जा तुम्ही."

कुसुम बाहेर आली. "बरं गेलं बाई," म्हणाली. दामलेकाकांनी छत्री या हातातून त्या हातात घेतली.

परीक्षा संपली होती, म्हणजे आता मला आत जायला बंदी नव्हती. गेले. मादाम गुणपत्रिका भरत होत्या. उच्चार, व्याकरण, आकलन, संबोधन, आणि शेवटी स्वतंत्र संभाषण, असे पाच रकाने. पहिले तीन चांगले. चौथ्यात शून्य. बेरीज उत्तीर्णाच्या खाली.

मी म्हटलं, "मादाम, ही माझी चूक आहे. मुलीची नाही."

"तुम्ही तिला परीक्षकाला त्यू म्हणायला शिकवलंत?"

"मी तिला शिकवलं की त्यू म्हणजे आमचं तू. माझ्या घरी तू धाकट्यांना म्हणतात. तिच्या घरी मोठ्यांना म्हणतात. ते कोकणातले लोक आहेत. आईवडिलांना तू म्हणतात, आजीला तू म्हणतात. तुम्ही तिच्याशी मायेनं वागलात, म्हणून तिनं तुम्हाला घरातल्यासारखं मानलं." आणि मग मला वाटलं की हुकमी पान हातात आहे, ते टाकलं. "मादाम, आम्ही देवालासुद्धा तू म्हणतो."

मादामनी चष्मा काढला. "आम्ही देवाला वू म्हणतो," त्या म्हणाल्या. "रोज सकाळी. आणि मी माझ्या वडिलांना ते मरेपर्यंत वू म्हणत होते."

आटोपलं. इथे दुसरी एखादी बाई रडली असती, किंवा मुलीच्या बापाची हकिगत सांगितली असती. माझ्याही ओठावर आली होती. पण मादामचा चेहरा पाहून कळलं की दयेनं तिथे काही होणार नाही, आणि दयेनं मिळालेले गुण कॉलेजातही फार काळ टिकत नाहीत. मी पुन्हा कागदाकडे पाहिलं.

"पाचवा रकाना कोरा आहे," मी म्हटलं.

"हो."

"स्वतंत्र संभाषण झालं नाही. तुम्ही मध्येच थांबवलंत. नियमाप्रमाणे उमेदवार हजर असताना कोणताही भाग न घेता सही करता येत नाही."

हा नियम खरोखर होता. बहुतेक नियम माझ्या विरुद्ध जायचे म्हणून मी ते पाठ केले होते.

मादामनी चष्मा चढवला. "बोलवा तिला. विषय मी देईन. तुम्ही बाहेर बसा, आणि तिला काहीही सांगू नका."

मी बाहेर येऊन फक्त नाव पुकारलं. कुसुमनं माझ्याकडे पाहिलं. काय झालं ते तिला माझ्या तोंडावर वाचता येत होतं, पण कशानं, ते नाही. ती आत गेली.

मादाम म्हणाल्या, "विषय असा. त्यू कुणाला म्हणावं आणि वू कुणाला. बोला."

मी मनात आकडे मोजायला लागले. चौदापर्यंत आले तेव्हा कुसुम बोलली. वाक्यं लहान लहान, पहिल्या पुस्तकातल्यासारखी.

"घरी मी आईला त्यू म्हणते. वडिलांना त्यू म्हणते. आजी गावी आहे. तिला त्यू म्हणते."

"आणि वू?"

"चाळीच्या मालकाला. मिलच्या साहेबाला." थांबली. "परवा मी पोलीस चौकीत गेले. तिथे मी वू म्हटलं. माझे वडील कुठे आहेत, ते तुम्ही सांगा, असं म्हटलं. तीन चौक्या. तीनदा वू."

"त्यांनी सांगितलं?"

"नाही."

मग कुसुमचा आवाज, आता कापरा, कारण तिला आता कळत होतं. "मादाम, तू मला... वू मला पाणी दिलंत. चौकीत मी जो शब्द म्हटला तो इथे म्हणायला बरा वाटला नाही. पण नियम असेल तर वू म्हणते."

मी डोळे मिटून बसले होते. टाकाचा कागदावर घासल्याचा आवाज आला. मग मादाम म्हणाल्या, "मादमोआझेल, नियम आहे. फ्रान्समध्ये मला वू म्हणायचं. पाणी दिलं तरी."

"वुई, मादाम."

"तुमचं संभाषण चांगलं आहे. या आता."

चौथ्या रकान्यातलं शून्य त्यांनी तसंच ठेवलं. पाचव्यात पूर्ण गुण. बेरीज उत्तीर्णाच्या वर एकानं. सही केली, कागद माझ्या हातात दिला, आणि जिना उतरताना एवढंच म्हणाल्या, "तुम्ही चांगलं शिकवता. पण तुमची स्वतःची भाषा तुम्हाला पूर्ण येत नाही." गाडीत बसून गेल्या.

साडेबारा वाजून गेले होते. कॉलेज पायी अर्ध्या तासावर, पण रस्ते बंद. दामलेकाका म्हणाले, "मी पुढे चालतो, मोकळं असलं तर छत्री वर करीन." तसे निघालो. गल्ल्यागल्ल्यांतून, एका ठिकाणी धूर विरायची वाट पाहत पिठाच्या गिरणीत दोन तास उभे राहून, कॉलेजच्या ऑफिसात पोहोचलो तेव्हा चाराला वीस मिनिटं होती. कारकून कुलूप हातात घेऊन बसला होता.

त्यानं कागद उलटसुलट पाहिला. "फ्रेंच?" मग कुसुमकडे. "लालबाग?" मग सुस्कारा टाकून फॉर्म काढला. प्रवेश कायम करण्याचा फॉर्म. कुसुमनं भरला. खाली रकाना होता, पालकाची सही.

"वडील नाहीत आले?"

"नाही येऊ शकले," मी म्हटलं.

"मग सोमवारी आणा."

"आज शेवटची तारीख आहे."

"म्हणून तर म्हणतो, सही हवी. वडील, आई, नाहीतर जवळचं नातेवाईक. तुम्ही कोण?"

"मी हिची शिक्षिका."

"शिक्षिका हे नातं नाही बाई."

पाऊण तास जी मुलगी परक्या भाषेत टिकली होती, ती आपल्या भाषेत एका कारकुनापुढे खाली बघून उभी होती. कुलपाची किल्ली तो बोटावर फिरवत होता. मी फॉर्म ओढून घेतला, सही केली, आणि नात्याच्या रकान्यात लिहिलं: मावशी.

हे खोटं होतं. इथे लिहिते आहे म्हणून ते खरं होत नाही. कारकुनानं एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे, आणि शिक्का मारला.

बाहेर पायरीवर काका छत्रीवर रेलून वाट पाहत होते. "झालं?" झालं म्हटल्यावर त्यांनी कुसुमला विचारलं, लालबागपर्यंत सोबत करू का. ती नको म्हणाली. आईला शोधत आधी चौकीवर जायचं होतं. परब आणखी चार दिवसांनी सुटून आले, पण ते तेव्हा कुणाला माहीत नव्हतं. तिनं पदर खोचला आणि माझ्याकडे वळली. काहीतरी म्हणायचं होतं. मी थांबले. दिवसभराच्या गडबडीत पहिल्यांदाच मला हवंसं वाटलं की कुणीतरी मला तो लहान, साधा शब्द म्हणावा, जो तिच्या आईनं पहिल्याच भेटीत म्हटला होता आणि मला खटकला होता.

"येते बाई," कुसुम म्हणाली. "तुम्ही सांभाळून जा."